सँकीचा नऊ कमानींचा पूल

गेल्या वर्षीं इतिहासाच्या तासाला आम्हीं वर्गांत एक जुनें चित्र दाखविलें. एका सखल दरीवरून नऊ उंच कमानींचा पूल गेलेला आहे; पुलावरून एक लहानसें इंजिन डबे ओढीत चाललें आहे; आणि खालच्या अरुंद पाण्यांतून शिडाचें एक गलबत संथपणें सरकत आहे. वर्गांतील बहुतेक मुलें इंजिनाकडेच पाहत होतीं. परंतु मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, खालचें पाणी तर एखाद्या ओढ्याएवढेंच आहे. मग त्यावर एवढा उंच पूल कशाला बांधला? उगीच पैसा घालविला कीं काय?”

प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर घंटा होण्यापूर्वीं पुरें होण्यासारखें नव्हतें. त्या दिवशीं अर्धवट राहिलेलें तें उत्तर आज आम्ही येथें पुरें करीत आहों. आमच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे आईबापही तें वाचतील अशी आम्हांस आशा आहे. कारण ह्या पुलाच्या इतिहासांत लहानांप्रमाणें थोरांनींही विचार करावा असें कांहीं आहे.

हा पूल इंग्लंडच्या वायव्य भागांत, पूर्वीं लँकेशायर प्रांतांत मोडणाऱ्या मुलखांत, लिव्हरपूल व मँचेस्टर ह्या दोन शहरांच्या दरम्यान, न्यूटन व अर्ल्सटाऊन ह्या गांवांच्या शेजारीं आहे. सँकी नांवाच्या ओढ्याच्या दरीवर तो उभा आहे, म्हणून त्यास सँकीचा पूल म्हणतात. तिकडील लोक त्यास नुसतें ‘नऊ कमानी’ असेंही म्हणतात.

पुलाची हकीकत सांगण्यापूर्वीं त्याच्या खालच्या पाण्याची हकीकत सांगितली पाहिजे. कारण पूल मागाहून आला, पाणी आधींचें आहे. आपल्याकडे कालवा म्हटला म्हणजे धरणाचें पाणी शेतास नेणारा पाट डोळ्यांपुढें येतो. हा कालवा तसा नव्हे. तो नौकांसाठीं खोदलेला जलमार्ग होता. सेंट हेलेन्स गांवाच्या आसपास दगडी कोळशाच्या खाणी होत्या, आणि लिव्हरपूल शहरास कोळसा हवा होता. त्या काळच्या रस्त्यांवरून कोळशाच्या गाड्या नेणें फार खर्चाचें व कष्टाचें होतें. म्हणून १७५५ सालीं पार्लमेंटकडून परवानगीचा कायदा करून घेऊन, सँकी ओढ्याच्या कांठाकांठानें हेन्री बेरी नांवाच्या इंजिनिअरानें हा कालवा खोदविला. तो १७५७ सालीं वाहतुकीस खुला झाला. इंग्लंडांतील औद्योगिक युगाचा हा पहिला कालवा मानितात.

जमीन चढउताराची, आणि पाण्यास तर सपाटी हवी. ह्यावर उपाय म्हणून कालव्यांत ठिकठिकाणीं दुहेरी दरवाजांचे हौद बांधिले होते. नौका हौदांत शिरली म्हणजे मागचा दरवाजा लावावयाचा, पुढच्या बाजूचें पाणी हळूहळू आंत सोडावयाचें, आणि पाण्याबरोबर नौका वर चढली कीं पुढचा दरवाजा उघडावयाचा. जिन्याच्या पायऱ्या चढाव्या तशी कोळशानें भरलेली नौका ह्या पाण्याच्या पायऱ्यांनीं चढे व उतरे.

ह्या कालव्यावर चालणारीं गलबतें मर्सी नदीवरचींच असत. तीं बुडाशीं सपाट व पोटाशीं रुंद असून, त्यांना एक उंच डोलकाठी व शीड असे. खाडींतून व नदींतून वाऱ्याच्या जोरावर यावयाचें आणि तसेंच कालव्यांत शिरावयाचें, अशी त्यांची रीत. कालव्यावरून रस्ता न्यावयाचा तर डोलकाठी आड येई. म्हणून रस्त्यांसाठीं बाजूस फिरविता येणारे पूल केलेले होते. गलबत आलें कीं पूल बाजूस फिरवीत. गाडी व गाडीवान थांबून राहत. गलबत गेलें कीं पूल पुन्हां जागीं येई. सत्तर वर्षें हा क्रम सुखानें चालला.

पुढें काळ पालटला. मँचेस्टर शहरांत कापडाच्या गिरण्या भराभर उभ्या राहिल्या. त्यांना लागणारा कापूस समुद्रमार्गें लिव्हरपूल बंदरांत उतरे, आणि तेथून कालव्यांनीं व नद्यांनीं मँचेस्टरास जाई. ह्या जलमार्गांचे दर जबर असून माल वाटेंत दिवसेंदिवस अडकून पडतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. तेव्हां दोन्ही शहरांतील व्यापाऱ्यांनीं मिळून लोहमार्ग बांधण्याचें ठरविलें, आणि त्या कामावर जॉर्ज स्टीफन्सन ह्यांची नेमणूक केली.

विद्यार्थ्यांनीं ह्या गृहस्थाचें चरित्र अवश्य वाचावें. त्यांचा जन्म १७८१ सालीं खाणींत राबणाऱ्या एका गरीब मजुराच्या घरीं झाला. लहानपणीं शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. दिवसभर खाणीवर काम करून रात्रीच्या शाळेंत ते अक्षरें गिरवूं लागले. पुढें त्यांनीं आपला मुलगा रॉबर्ट ह्यास चांगल्या शाळेंत घातलें, आणि मुलगा जें शिकून येई तें बापानेंही त्याच्या पुस्तकांतून शिकावें, असा क्रम ठेविला.

१८२५ सालीं लोहमार्गाचें बिल पार्लमेंटपुढें आलें. कालव्यांचे मालक व मोठे जमीनदार त्याच्या विरुद्ध होते. त्यांच्या वकिलांनीं स्टीफन्सन ह्यांची कसून उलटतपासणी केली. जमिनीच्या उंचसखलपणाचीं मापें हाताखालच्या माणसांनीं घेतलेलीं होतीं, व तीं स्टीफन्सन ह्यांनीं स्वतः पडताळून पाहिलीं नव्हतीं. त्यांत पुष्कळ चुका निघाल्या. इरवेल नदीवर योजिलेल्या पुलाची उंची तर नदीच्या महापुराच्या पातळीहूनही कमी ठरली! सभागृहांत हंशा झाला, बिल फेटाळलें गेलें, आणि स्टीफन्सन ह्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. दुसऱ्याच्या वहींतला आंकडा न तपासतां आपल्या वहींत उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

मार्गाची नवी पाहणी दुसऱ्या इंजिनिअरांकडून करवून १८२६ सालीं पुन्हां बिल आणलें, तें मंजूर झालें. त्यानंतर प्रत्यक्ष बांधकामासाठीं कंपनीनें पुन्हां स्टीफन्सन ह्यांनाच बोलाविलें. पुलाच्या उंचीवरून ज्याचें हंसें झालें होतें, त्याच मनुष्यापुढें आतां सँकीच्या दरीचा प्रश्न उभा राहिला. आणि तोही पुलाच्या उंचीचाच होता.

येथें आमच्या विद्यार्थ्याच्या शंकेकडे वळूं. आगगाडीचा मार्ग कालव्यास आडवा ओलांडून जावयाचा होता. रस्त्यांप्रमाणें फिरविता येणारा पूल करावा तर भरधाव येणारी गाडी गलबतासाठीं थांबवावी लागणार. आणि थांबण्यास उशीर झाला तर सगळी गाडी पाण्यांत जाणार. ठेंगणा पूल करावा तर डोलकाठ्या अडणार, व कालवा बंद पडणार. कालवा तर पार्लमेंटच्याच कायद्यानें झालेला. त्याचा हक्क नव्या कंपनीस बुडवितां येत नव्हता. म्हणून एकच वाट उरली. पूल इतका उंच बांधावयाचा कीं गलबतानें आपली डोलकाठी न उतरवितां खालून निघून जावें. कालव्याच्या पाण्यापासून पुलाच्या कठड्याच्या माथ्यापर्यंतची उंची सुमारें ७० फूट ठेविण्यांत आली. सहा मजली घराएवढी ही उंची झाली!

हें रेल्वे कंपनीनें औदार्यानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. कालवा हा तिचा प्रतिस्पर्धी होता, आणि कालव्याच्या मालकांनीं रेल्वेस होईल तितका विरोध केलेला होता. कायद्याचें बंधन नसतें तर काय झालें असतें हें कोणीं सांगावें? परंतु बंधन होतें. तें पाळलें गेलें. आणि पाळतांना काम हातचें राखून केलें नाहीं. ज्यांचा धंदा आपण उद्यां घेणार आहों, त्यांच्यासाठीं आज एवढी उंच वाट सोडावयाची, ही गोष्ट लहान नाहीं.

आतां पूल कसा बांधला तें पाहूं. काम १८२८ सालीं सुरू झालें. दरीची जमीन ओली व भुसभुशीत. तींत नुसता दगडांचा पाया घातला असता तर तो भारानें खचला असता. म्हणून लांकडाचे मोठाले खांब जमिनींत उभे ठोकण्यांत आले. एकेक खांब २० ते ३० फूट लांबीचा असे. एक अवजड वजन उंच ओढून न्यावें व खांबाच्या डोक्यावर सोडावें, पुन्हां ओढावें, पुन्हां सोडावें, असें करीत खांब घट्ट बसेपर्यंत ठोकीत. नऊ कमानींना दहा पाये लागतात. प्रत्येक पायाखालीं असे सुमारें २०० खांब ठोकले, म्हणजे एकंदर सुमारें दोन हजार झाले. हें सारें काम मातीच्या पोटांत आहे. पुलावरून जाणाऱ्या उतारूस त्यांतील एकही खांब दिसत नाहीं. तरी पूल उभा आहे तो त्यांच्याच जिवावर.

ह्या पायांवर विटांचे उंच स्तंभ उभारले, व त्यांच्या दर्शनी बाजूस दगड बसविला. स्तंभ बुडाशीं रुंद असून वर निमुळते होत गेलेले आहेत. त्यामुळें भार पसरून जमिनीवर पडतो. स्तंभांवर अर्धवर्तुळाकार नऊ कमानी आहेत. प्रत्येक कमानीचा गाळा ५० फुटांचा, म्हणजे नऊ गाळे मिळून ४५० फूट भरतात. कठड्यांच्या मधली रुंदी सुमारें २५ फूट असून तींत जाण्यायेण्याचे दोन्ही रूळ मावतात. ह्या सर्व कामास सुमारें ४५ हजार पौंड खर्च आला, आणि त्या काळीं ही रक्कम फार मोठी होती.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीं कमानीचें मर्म थोडक्यांत सांगतों. वीट दाबास पुष्कळ टिकते, पण ताणास टिकत नाहीं. कमानीचा आकारच असा असतो कीं तिच्यावर भार आला म्हणजे प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर दाब देते, आणि दाब उतरत उतरत स्तंभांत जातो. जातांना कमान स्तंभास बाहेरच्या बाजूसही रेटीत असते. परंतु दोन सारख्या कमानी एकाच स्तंभावर टेकल्या कीं त्यांचे रेटे समोरासमोर येऊन एकमेकांना तोलून धरतात. म्हणून मधले स्तंभ तुलनेनें सडपातळ असले तरी चालतात, आणि शेवटच्या दोन टोकांस मात्र भक्कम आधार लागतो. कमान पुरी होईपर्यंत ती आपला स्वतःचाही भार सोसूं शकत नाहीं. तोंवर तिच्याखालीं लांकडी सांगाडा ठेवावा लागतो. ती पुरी झाली कीं सांगाडा काढून घ्यावयाचा. शाळेचें कामही असेंच कांहींसें आहे असें आम्हांस अनेकदां वाटतें.

१८३० सालच्या उन्हाळ्यांत पूल पुरा झाला. जगांतील अगदीं पहिल्या मोठ्या रेल्वे-पुलांपैकीं हा एक होय. त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्याच्या १५ तारखेस लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग मोठ्या थाटानें खुला झाला. दोन मोठ्या शहरांना जोडणारा, वाफेच्या इंजिनांवर चालणारा असा हा जगांतील पहिला लोहमार्ग. मुख्य प्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन समारंभास आले होते. परंतु त्या दिवसाचा आनंद निर्भेळ राहिला नाहीं. सँकीचा पूल ओलांडून गाडी पार्कसाइड येथें पाणी घेण्यास थांबली असतां, लिव्हरपूलचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि विल्यम हस्किसन रुळांवर उतरले, आणि दुसऱ्या रुळावरून येणाऱ्या ‘रॉकेट’ इंजिनाखालीं सांपडून त्याच रात्रीं वारले. नव्या शक्तीचा वेग किती, ह्याचा अंदाज अद्याप माणसाच्या डोळ्यांस आलेला नव्हता.

आमच्या वाचकांस वाटेल कीं हें सर्व दूरदेशींचें आहे. आपला व त्या पुलाचा संबंध काय? संबंध आहे, व तो जवळचा आहे. लोहमार्ग सुरू झाला त्याच वर्षीं, ह्या पुलापासून फार दूर नव्हे अशा जागीं, न्यूटन गांवाजवळ, चार्ल्स टेलर नांवाच्या गृहस्थानें इंजिनांचा कारखाना काढला. त्याचें नांव ‘व्हल्कन फाउंड्री’. बावीस वर्षांनीं, म्हणजे १८५२ सालीं, ह्याच कारखान्यानें आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठीं आठ इंजिनें घडवून दिलीं. तीं समुद्रमार्गें मुंबईस आलीं. आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास २१ मैलांचा प्रवास करणारी हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी ह्याच कारखान्याच्या तीन इंजिनांनीं ओढली. त्या रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर होते रॉबर्ट स्टीफन्सन, म्हणजे ज्याच्या शाळेच्या पुस्तकांतून बाप शिकला तोच मुलगा. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरांत लवकर यावा ही मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची इच्छा त्या लोहमार्गाच्या मागें होती, हेंही येथें सांगितलें पाहिजे. ठाण्याच्या लोकांनीं तोंडांत बोट घालून जी आगगाडी पाहिली, तिच्या इंजिनांचें माहेर सँकीच्या दरीशेजारीं होतें.

आतां पुलाखालच्या कालव्याचें पुढें काय झालें? तो एका दिवसांत मेला नाहीं. गलबतें पुष्कळ वर्षें शीड न उतरवितां कमानींखालून जात राहिलीं. १८४५ सालीं कालवा व जवळचाच एक लहान लोहमार्ग ह्यांची मिळून एकच कंपनी झाली. पुढें १८६४ सालीं ती एका बलाढ्य रेल्वे कंपनींत सामील झाली. म्हणजे ज्या रेल्वेशीं कालवा भांडला, तिच्याच घरांत त्याचा शेवटीं संसार झाला. कोळसा हळूहळू रुळांवर गेला. उत्तरेकडील भाग १९३१ सालीं बंद झाला. शेवटीं शेवटीं पुलाच्या जवळच असलेल्या साखरेच्या कारखान्यास कच्ची साखर पोंचविण्याचें काम तेवढें उरलें होतें. तेंही १९५९ सालीं थांबलें, आणि १९६३ सालीं कालवा रीतसर बंद करण्यांत आला. नंतर त्याचा पुष्कळ भाग बुजविला गेला. व्हल्कनचा कारखानाही आतां राहिलेला नाहीं.

राहिला तो पूल. ज्या ‘रॉकेट’ इंजिनाचें वजन सुमारें सव्वाचार टन होतें, त्या काळच्या मापानें बांधलेल्या ह्या कमानींवरून आज त्याच्या कितीतरी पट वजनाच्या गाड्या धांवतात. २०१५ सालीं ह्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्यासाठीं पुलावर तारांचे खांब उभे करावे लागले, परंतु कमानी त्याच आहेत. इंग्लंडांतील संरक्षित इमारतींच्या अगदीं वरच्या श्रेणींत त्याची गणना होते.

हें कां झालें ह्याचा आम्हीं विचार केला. पूल जर स्वतःपुरता, म्हणजे गाडी पलीकडे जाण्यापुरताच बांधला असता, तर तो ठेंगणा व हलका झाला असता, आणि इंजिनें जड होतांच कदाचित् पाडावाही लागला असता. गलबतांसाठीं उंची ठेवावी लागली. उंचीसाठीं खोल पाया घालावा लागला. रुंद स्तंभ उभारावे लागले. दुसऱ्याच्या हक्कासाठीं जो भार अंगावर घेतला, तोच पुढें पुलाचें बळ ठरला.

हा नियम सर्वत्र लागू पडतो असें आम्ही छातीठोकपणें म्हणणार नाहीं. दुसऱ्याची वाट न अडवितां बांधलेलीं कामेंही पडतात, आणि अडवून बांधलेलीं कांहीं काळ टिकतात. तथापि आपल्या आजूबाजूस पाहतां नवें बांधतांना जुन्याची वाट बुजविण्याची घाई फार दिसते. नवें घर बांधणारा शेजाऱ्याची खिडकी झांकतो. नवा रस्ता करणारा ओढ्याचा मार्ग बंद करितो. आणि शिकलेला मुलगा न शिकलेल्या बापास सभेंत बोलूं देत नाहीं. ज्यांच्या खांद्यावरून आपण वर आलों, त्यांच्या डोलकाठीस पुरेल इतकी जागा आपल्या कमानीखालीं आहे काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपणांस विचारावा.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां आमचें उत्तर असें: बाळ, पैसा उगीच गेला नाहीं. पाणी अरुंद होतें हें तूं बरोबर पाहिलेंस. पण त्या पाण्यावरून जाणाऱ्या गलबताची डोलकाठी उंच होती, आणि त्याचा हक्क जुना होता. पूल त्या पाण्याच्या रुंदीवरून मापूं नये. त्या डोलकाठीच्या उंचीवरून मापावा. ज्या दिवशीं वर्गांतील सर्वजण इंजिनाकडे पाहत होते, त्या दिवशीं तूं पाण्याकडे पाहिलेंस, ह्याचा आम्हांस आनंद वाटला.